सासूबाईंना समुद्र दाखवायचा आहे; मुक्काम कोठे करावा?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात शिक्षिका आहे. आमची केळीची बाग आहे. सासूबाईंचे वय ६८. त्या माळकरी आहेत, गुडघ्यांमुळे काठी घेऊन चालतात. सारा जन्म तापीकाठी गेला, पण समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही. दिवाळीच्या सुटीत त्यांना, माझ्या पतींना आणि आमच्या दोन मुलांना (वये १३ आणि ९) घेऊन तीन-चार दिवस समुद्रकिनारी राहावे असे फार दिवसांपासून मनात आहे. दिवेआगरजवळच्या एका आठ खोल्यांच्या छोट्या हॉटेलचे फोटो मी पाहून ठेवले आहेत. कौलारू छप्पर, अंगणात नारळ, ओटीवर झोपाळा. पती म्हणतात, म्हातारे माणूस बरोबर असताना जोखीम नको, पोहण्याचा तलाव असलेले मोठे रिसॉर्ट घेऊ, पैसे जास्त गेले तरी चालतील. मुलांचाही कौल तिकडेच आहे. सासूबाई मात्र म्हणतात, "माले काय करना शे समुद्र, तुम्ही जाई या." मी काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार, ताई.

माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला अंदाज बांधत बसावे लागणार नाही. छोटे हॉटेल घ्यावे हा तुमचा विचार योग्य आहे, पण तो झोपाळ्यासाठी योग्य नाही, तर तुमच्या सासूबाईंच्या जेवणासाठी आणि झोपेसाठी योग्य आहे. आणि या खेपेला दिवेआगर नको, असे मी सुचवीन. त्याची कारणे पुढे येतीलच.

मोठ्या रिसॉर्टमध्ये जेवण कसे असते ते डोळ्यांपुढे आणा. एका लांब मेजावर वीस-पंचवीस पदार्थ मांडलेले असतात, आपली थाळी आपण हातात धरून रांगेने पुढे सरकायचे असते आणि शेजारच्याच भांड्यात सुरमई किंवा कोंबडी असते. एका हातात काठी धरलेल्या, गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईसाठी ही रांग दिवसातून तीन वेळा परीक्षा पाहणारी आहे. तुम्ही त्यांना ताट आणून द्याल हे मला ठाऊक आहे, परंतु त्या प्रत्येक वेळी तुम्हाला विचारतील की भाजीचा डाव वेगळा होता का, आणि तुम्हाला खात्रीने उत्तर देता येणार नाही. मग त्या दही-भात घेऊन गप्प बसतील. आपल्याकडच्या बायका परगावी अशाच अर्धपोटी राहतात आणि घरी आल्यावर सांगतात की सगळे छान होते.

आठ खोल्यांच्या हॉटेलात स्वयंपाक मोजून होतो. सकाळी न्याहारीच्या वेळीच किती पाने आहेत आणि काय हवे आहे ते विचारले जाते, कारण दुपारचा नारळ त्यानंतर खवायचा असतो. तिथे तुम्ही घरून नेलेले दादर ज्वारीचे पीठ मालकीणबाईंच्या हाती देऊन "आमच्या आईंना दोन वेळा याची भाकरी द्याल का" असे विचारू शकता, आणि बहुतेक ठिकाणी त्या आनंदाने हो म्हणतात. किनाऱ्यावर भाकरी तांदळाची असते. ती पांढरीशुभ्र आणि मऊ असते, पण दादरच्या किंवा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती जेवण वाटत नाही, वरची चव वाटते. कैरीचे लोणचे, शेंगदाण्याची चटणी आणि थोडे बिबडे (ज्वारीचे पापड) सोबत ठेवलेत तर नारळाच्या गोडसर आमटीचाही त्यांना त्रास होणार नाही. सोलकढी मात्र त्यांना जरूर द्या, आणि ती लसूण न घालता करायला सांगता येते.

तुमच्या पतींची काळजी मी हलकी समजत नाही. मोठ्या ठिकाणी उद्वाहन (लिफ्ट) असते, वीज गेली तरी जनरेटर चालतो, आणि मध्यरात्री कोणाला काही झाले तर स्वागतकक्षात माणूस जागा असतो. सासूबाई चाकांच्या खुर्चीत असत्या तर मीही तेच सुचविले असते. परंतु त्या काठीने चालतात. त्यांना उद्वाहनापेक्षा तळमजल्याची खोली अधिक सोयीची आहे, आणि ती छोट्या हॉटेलात सहज मिळते. मुलांचे म्हणाल, तर ती तलावासाठी पहिला अर्धा दिवस हळहळतील. समोर समुद्र असताना त्यापेक्षा जास्त वेळ कोणतेही मूल तलाव आठवत बसलेले मी पाहिलेले नाही.

आता फोटोंबद्दल. मी स्वतः माझ्या आईला घेऊन एकदा अशाच एका छोट्या हॉटेलात गेले होते. गाव आणि नाव सांगत नाही. फोटोत खिडकीतून निळा समुद्र दिसत होता आणि "समुद्रापासून दोन मिनिटे" असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात तो फोटो गच्चीवरच्या टाकीजवळ उभे राहून काढलेला होता, आणि हॉटेल व समुद्र यांच्यामध्ये मासळी वाळत घालण्याचे मोठे खळे होते. खळे कोळी बांधवांच्या पोटापाण्याचे, त्यांच्यावर राग धरण्याचे काहीच कारण नव्हते. पण जन्मभर शाकाहारी राहिलेली माझी आई त्या वासाने दोन दिवस जेवली नाही, आणि मला वाईट वाटू नये म्हणून पोट बिघडले आहे असे सांगत राहिली. ही गोष्ट मला परतीच्या गाडीत, नाशिक मागे पडल्यावर कळली. त्या दिवसापासून मी फोटोंवर विसंबून खोली घेतलेली नाही आणि कोणाला घेऊ दिलेली नाही.

म्हणून हॉटेल ठरवण्यापूर्वी मालकाशी स्वतः फोनवर बोला. वेळ दुपारी तीनची धरा, कारण तेव्हा जेवणे आटोपलेली असतात आणि माणूस निवांत बोलतो. छोटे हॉटेल म्हणजे शेवटी त्याचा मालक आणि त्याच्या घरची माणसे. त्यांचे बोलणे तुटक असेल, प्रश्न विचारल्याचा त्यांना कंटाळा येत असेल, तर कौले कितीही सुंदर असली तरी तो नाद सोडून द्या. पहिला प्रश्न न्हाणीघराचा विचारा. संडास खुर्चीसारखा आहे की खाली बसण्याचा, तो खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे, फरशी ओली झाल्यावर घसरते का, भिंतीला धरायला काही आहे का, हे सगळे संकोच न करता विचारावे. सासूबाई हे तुम्हाला कधीही सांगणार नाहीत, पण गुडघे धरलेल्या माणसाच्या प्रवासाला नकार देण्यामागे दहांपैकी आठ वेळा हीच भीती असते. त्यानंतर पायऱ्या विचारा. कोकणातल्या जुन्या धाटणीच्या घरांना जोते उंच असते, आणि फोटोत देखणी दिसणारी ओटी चार उंच पायऱ्यांवर असू शकते. मग मालकांना विनंती करा की खोलीच्या दारापासून पाण्यापर्यंत चालत जाऊन, मोबाइलवर सलग चित्रण करून पाठवावे. जो हे आनंदाने करतो त्याच्याकडे लपवण्यासारखे काही नसते. चित्रण पाहताना मध्ये गाड्यांचा रस्ता ओलांडावा लागतो का, वाट मऊ वाळूची आहे की टणक मातीची, हे पाहा. मऊ वाळूत काठी रुतते. मोबाइलवरच्या नकाशात उपग्रहचित्र उघडून तीच वाट आपणही एकदा पाहून घ्यावी.

स्वयंपाकघर एकच आहे का, हे सरळ विचारा, आणि उत्तर आल्यावर निर्णय सासूबाईंवर सोडा. किनाऱ्यावर मासे शिजणारच. काही मालक भांडी वेगळी ठेवतात, काहींकडे केवळ शाकाहारी जेवण असते, आणि अशी घरे शोधली तर किनाऱ्याच्या बहुतेक गावांत सापडतात. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे, तिच्यात घरगुती पाहुणचार करणाऱ्या घरांची नोंद असते. तीही पाहून ठेवावी. आणखी एक प्रश्न विचारायला लोक लाजतात, पण तुम्ही विचारा : खोल्या केवळ कुटुंबांना देता का? आठच खोल्या असतात, तेव्हा रात्री दोनपर्यंत मद्य आणि गाणी चालवणारा एक गट उरलेल्या सात खोल्यांची झोप घालवतो. पहाटे चारला उठून हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाला ती रात्र फार लांब जाते.

आता दिवेआगरबद्दल. गाव सुंदर आहे, सुवर्ण गणेशाचे देऊळ आहे, किनारा लांब आणि स्वच्छ आहे. परंतु चोपड्याहून धुळे, नाशिक, पनवेल, माणगाव असा रस्ता धरला तर एकेरी अंतर पाचशे किलोमीटरहून अधिक भरते, वाटेत कसाऱ्याचा घाट आहे आणि शेवटचा टप्पा वळणांचा आहे. शेतापासून चार दिवसांवर दूर राहता येणार नसेल, तर त्यातले दोन दिवस गाडीतच जातील आणि सासूबाई समुद्रावर पोहोचतील त्या सुजलेल्या गुडघ्यांनी.

आपण खानदेशातील माणसे समुद्र म्हटला की मुंबई आणि तिच्या खालचे कोकण एवढेच डोळ्यांपुढे आणतो. पण आपला समुद्र त्यापेक्षा जवळ, पश्चिमेला आहे. जळगावहून अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत सुरतेकडे जाणारा लोहमार्ग आपल्या दारातून जातो, आणि सुरतेहून गाडी दक्षिणेला वळली की वलसाड, वापी, घोलवड, डहाणू ही किनाऱ्यालगतची स्थानके लागतात. अमळनेर ते डहाणू हे अंतर सुमारे चारशे किलोमीटरचे आहे, आणि ते झोपून जाण्याचे आहे. भुसावळहून वांद्र्याला जाणारी खान्देश एक्सप्रेस याच मार्गाने धावते. ती रोज नसते, म्हणून तिचे वार आणि थांबे आरक्षणापूर्वी पाहून घ्यावेत. सोयीचा थांबा नसेल तर सुरतेला उतरून दुसरी गाडी धरता येते.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू, घोलवड आणि बोर्डी हा पट्टा आहे, आणि तुमच्या कुटुंबासाठी मला तोच योग्य वाटतो. स्पष्टच सांगते, तारकर्लीसारखे निळे पारदर्शक पाणी तिथे नाही. पाणी मातकट आहे आणि वाळू करडी आहे. परंतु किनारा इतका सपाट आहे आणि ओलसर वाळू पायाखाली इतकी घट्ट राहते की काठी टेकत चालणारे माणूसही सुरूच्या झाडांखालून बाहेर पडून सावकाश लाटेपर्यंत जाऊ शकते. गावांमागे चिकूच्या जुन्या वाड्या आहेत आणि त्या वाड्यांमध्येच छोटी हॉटेले व घरगुती निवास आहेत. जळगावच्या केळीला जसे भौगोलिक मानांकन आहे, तसे डहाणू-घोलवडच्या चिकूलाही आहे. तुमच्या पतींना एखाद्या चिकू बागायतदाराशी बोलायला बसवा, म्हणजे रिसॉर्टचा विषय पुन्हा निघणार नाही. हा वारली चित्रांचा मुलूख आहे, तेव्हा मुलांना भिंतींवरची ती पांढरी चित्रे जिथे जन्मली तिथेच पाहता येतील. सासूबाईंना देवदर्शन हवे असेल, तर महामार्गाजवळ डहाणूच्या महालक्ष्मीचे देऊळ आहे. यापलीकडे फिरण्याचा कार्यक्रम आखू नका. एकाच ठिकाणी तीन रात्री राहा.

दिवस कोणते निवडावेत, यावर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण खोली ठरवताना हे कोणी सांगत नाही आणि सपाट किनाऱ्यावर सारा आनंद त्यावरच अवलंबून असतो. समुद्राला साधारण दर सव्वासहा तासांनी भरती आणि ओहोटी आलटून पालटून येते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना ढोबळ हिशेब असा आहे की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला ही वेळ दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. म्हणजेच सकाळ-संध्याकाळी, आपण फिरायला बाहेर पडतो नेमके तेव्हा, पाणी ओहोटीने खूप दूर गेलेले असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी किनाऱ्याजवळ आलेले असते. शिवाय अष्टमीच्या सुमारास भरती भांगाची असते, तिला पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा जोर नसतो. काठी घेतलेल्या माणसाने पहिल्यांदा समुद्राला हात लावायचा, तर दिवस हाच धरावा.

दिवाळीत ही तिथी तुमच्या सोयीने येते. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला असते, आणि तिच्यानंतर सहा दिवसांनी अष्टमी. लेकी-भाच्यांचे येणे-जाणे तोवर आटोपते आणि दिवाळीच्या गर्दीचा पहिला लोंढाही किनाऱ्यावरून ओसरलेला असतो. षष्ठीच्या रात्री निघावे, सप्तमी, अष्टमी आणि नवमी अशा तीन रात्री मुक्काम करावा, दशमीच्या रात्री परत निघावे. म्हणजे कार्तिकी एकादशीला सासूबाई आपल्या घरी, आपल्या विठ्ठलापुढे असतील. हे जुळून आल्याशिवाय त्या होकार देणार नाहीत, असे मला तुमच्या पत्रावरूनच वाटले. शाळेची सुटी तोवर टिकते का, ते तुम्ही पाहालच. गाडीच्या वारामुळे एखादा दिवस मागेपुढे झाला तर काही बिघडत नाही, एकादशी मात्र सांभाळा.

मुलांना पाण्यात सोडण्याचा नियम एकच ठेवा. पाणी ओसरू लागले की मुले बाहेर, आणि भरतीतही गुडघ्याच्या वर पाणी नाही. तापीत पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येते असे होत नाही. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि ती ओढ नदीत पोहणाऱ्याला ओळखीची नसते. हे तेरा वर्षांच्या मुलाला आधी घरी सांगा आणि तिथे पोहोचल्यावर हॉटेलच्या मालकांकडूनही सांगवा. परक्या माणसाचे त्या वयात ऐकले जाते.

पैशांचे थोडक्यात. दर खोलीचा आहे की माणशी, न्याहारी त्यात आहे का, जादा गादीचे किती, खोली सकाळी किती वाजता सोडावी लागते, हे लेखी संदेशात मागून घ्या. आगाऊ रक्कम द्यावी लागते, पण ती पूर्ण देऊ नका. शेवटच्या दिवशी तुमची गाडी रात्रीची असेल, म्हणून सासूबाईंना दुपारी पडण्यासाठी एक खोली संध्याकाळपर्यंत मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा. छोटे मालक याला बहुधा थोड्या पैशांत तयार होतात. कपडे नेहमीपेक्षा दोन जोड जास्त घ्या, कारण आपल्याकडे तासाभरात वाळणारे लुगडे तिथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओले राहते.

आता तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य, जे मला पत्र वाचून झाल्यावरही सोडून गेले नाही. "माले काय करना शे समुद्र." हा नकार समुद्राला नाही, ताई. आपल्यापायी मुलांना खर्च होईल, आपल्या चालीने सगळ्यांना थांबावे लागेल, आपल्या जेवणाचे सगळ्यांना ओझे होईल, एवढे सगळे त्या एका वाक्यात बोलून गेल्या आहेत. त्यांना "तुमच्यासाठीच जातो आहोत" असे म्हणालात तर त्या आणखी संकोचतील. त्यापेक्षा त्यांच्याशी तापीबद्दल बोला. मुलताईला उगम पावून सातशे चोवीस किलोमीटर वाहणारी, चांगदेवापाशी पूर्णेला पोटात घेणारी, हतनूरला आणि उकाईला अडून पुन्हा चालू लागणारी त्यांची सूर्यकन्या तापी शेवटी सुरतेजवळ डुमसला समुद्राला मिळते. ज्या नदीत त्यांनी आयुष्यभर दिवे सोडले, तिचे पाणी जिथे जाते तो हाच समुद्र आहे. ओटीचे सामान आणि नारळ त्यांना स्वतःच्या हाताने पिशवीत ठेवू द्या. दादरचे पीठही त्यांनाच दळून आणायला सांगा, किती लागेल याचा हिशेब त्यांचा असू द्या. पाहुणी म्हणून नेण्यापेक्षा तयारीतली एक म्हणून नेलेत, तर त्यांचे येणे त्यांना ओझे वाटणार नाही.

हे बोलणे मात्र लवकर व्हायला हवे. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते, आणि दिवाळीच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. तिकीट काढताना सासूबाईंचे वय अचूक लिहा आणि त्यांना खालचे शयनासन (बर्थ) मागा. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या शयनासनांचा वेगळा कोटा असतो. पाचही तिकिटे एकत्र काढल्यास तो लाभ हुकण्याची शक्यता असते, तेव्हा त्यांचे तिकीट वेगळे काढा. तिकिटे हाती आली की त्याच दुपारी तीन वाजता हॉटेलच्या मालकांना फोन करा, आणि बोलणे सुरू करताना पहिल्यांदा न्हाणीघराचेच विचारा.